मताची शिक्षा पगारातून

(सरकारी कर्मचाऱ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महागाई भत्ता, वेतन आयोग, निवृत्तिवेतन हे आपल्या संघटनेचे नित्याचे विषय आहेत. त्यांवर माझ्यापेक्षा आपणच अधिक अधिकाराने बोलू शकाल. म्हणून आज मी वेतनाच्या एका निराळ्या बाजूकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. एखाद्या कर्मचाऱ्याने कामात कुचराई केलेली नाही, लाच घेतलेली नाही, शिस्तही मोडलेली नाही. मात्र त्याने काढलेले अनुमान, त्याने लिहिलेली टिपणी किंवा त्याची मते विधिमंडळातील बहुमताला रुचत नाहीत. एवढ्याच कारणासाठी त्याचा पगार कापण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींना असावा काय?

हा प्रश्न मी कल्पनेने रचलेला नाही. अमेरिकेसारख्या, आपल्या लिखित राज्यघटनेचा अभिमान बाळगणाऱ्या देशात तो गेली सुमारे दीडशे वर्षे पुनःपुन्हा उभा राहिला आहे. त्या इतिहासातून आपल्याला घेण्याजोगे बरेच काही आहे, असे मला वाटते.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेचे नवे प्रतिनिधिगृह भरले. पहिल्याच दिवशी तेथील रिपब्लिकन बहुमताने कामकाजाच्या नियमांमध्ये एक जुना नियम परत आणला. त्याचे नाव होलमन नियम. अमेरिकेत दरवर्षी सरकारी खर्चाला मंजुरी देणारी विनियोजन विधेयके येतात. पैशाची मंजुरी वेगळी आणि कायद्यातील बदल वेगळा, म्हणून विनियोजन विधेयकात कायदा बदलणारी कलमे घुसडायची नाहीत, असा त्या सभागृहाचा सामान्य दंडक आहे. होलमन नियमाने या दंडकाला एक अपवाद केला. खर्च कमी होत असेल, तर एखाद्या कार्यालयातील पदे रद्द करणारी किंवा अधिकाऱ्यांचे पगार घटवणारी उपसूचना या विधेयकालाच जोडता येते. ती साऱ्या खात्याला लागू असावी असे बंधन नाही. एका विभागाला, एका पदाला, फार काय एका व्यक्तीलाही ती लागू करता येते. एका माणसाचा वार्षिक पगार एक डॉलरवर आणण्याची सोय या नियमात आहे, असे त्या वेळी वृत्तपत्रांनी लिहिले आणि ते वस्तुस्थितीला धरून होते.

हा नियम परत येण्यापूर्वी काही आठवडेच एक घटना घडली होती. डिसेंबर २०१६ मध्ये निर्वाचित अध्यक्षांच्या सत्तांतर पथकाने ऊर्जा खात्याकडे ७४ प्रश्नांची एक प्रश्नावली पाठवली. हवामानबदलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय बैठकांना खात्यातील कोणकोण हजर होते, त्यांची नावे तीत मागितली होती. खात्याने नावे देण्यास नकार दिला आणि पुढे सत्तांतर पथकानेही ही प्रश्नावली अधिकृत नसल्याचे सांगून अंग काढून घेतले. या दोन घटनांचा कार्यकारणसंबंध होता, असे मी म्हणत नाही. परंतु एकीकडे नावे मागितली जात आहेत आणि दुसरीकडे नावानिशी पगार कापण्याचा नियम मंजूर होत आहे, हे पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या मनात काय आले असेल, हे आपल्यासारख्या सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या मंडळींना सांगायला नको.

त्याच वर्षी जुलै महिन्यात या नियमाचा एक प्रयोग झाला. अमेरिकन काँग्रेसचे स्वतःचे एक अर्थसंकल्पीय कार्यालय आहे. १९७४ च्या कायद्याने ते निर्माण झाले. एखादे विधेयक मंजूर झाले तर तिजोरीवर काय भार पडेल आणि जनतेवर काय परिणाम होईल, याचा पक्षनिरपेक्ष हिशेब मांडणे हे त्याचे काम. मे २०१७ मध्ये या कार्यालयाने असा हिशेब दिला की प्रतिनिधिगृहाने संमत केलेले आरोग्यविम्याचे विधेयक कायदा झाले, तर २०२६ पर्यंत विम्याविना राहणाऱ्यांच्या संख्येत २ कोटी ३० लाखांची भर पडेल. दोन महिन्यांनी याच कार्यालयाच्या अर्थसंकल्प विश्लेषण विभागातील सर्व ८९ पदे रद्द करण्याची उपसूचना होलमन नियमाखाली सभागृहात आली. त्या कार्यालयाचा तेव्हाचा संचालक रिपब्लिकन नेत्यांनीच २०१५ मध्ये निवडलेला होता. पण आकडा सोयीचा नव्हता. सभागृहाने ही उपसूचना ३०९ विरुद्ध ११६ मतांनी फेटाळली आणि तीत दोन्ही पक्षांचे सभासद होते, ही समाधानाची गोष्ट. तरीही हिशेब चुकला असेल तर तो कोठे चुकला हे दाखवण्याऐवजी हिशेबनिसाची जागाच रद्द करावी, असे मानणारे ११६ लोकप्रतिनिधी त्या सभागृहात निघाले, हेही विसरता येत नाही.

मित्रहो, हा नियम मूळचा कोणाचा, हे पाहणे उद्बोधक आहे. तो १८७६ सालचा. इंडियाना राज्याचे विल्यम होलमन हे त्याचे जनक. ते डेमोक्रॅटिक पक्षाचे होते आणि काटकसरीबद्दल त्यांची ख्याती होती. त्या काळी अमेरिकेत निवडणूक जिंकणारा पक्ष सरकारी नोकऱ्या आपल्या माणसांत वाटून टाकत असे. जिंकणाऱ्याने लूट घ्यावी, असाच तो व्यवहार होता. वशिल्याने भरलेल्या खोगीरभरतीला आवर घालण्याचे एक साधन म्हणून त्या वेळी या नियमाला काही अर्थ होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु १८८१ मध्ये नोकरी न मिळाल्याने चिडलेल्या एका माणसाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यातच त्यांचा अंत झाला आणि देश जागा झाला. १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने गुणवत्तेवर आधारलेल्या सनदी सेवेचा पाया घातला. कर्मचारी पक्षाचा राहिला नाही, तो राज्याचा झाला. रोगच पालटला, तेव्हा जुने औषध टाकून द्यायला हवे होते. ते टाकायला १९८३ साल उजाडले. आणि चौतीस वर्षांनी ते पुन्हा कपाटातून काढले गेले.

मधल्या काळात पगारबंदीच्या या शस्त्राने केवढी जखम केली, याची एक कहाणी मी आज आपल्याला मुद्दाम सांगणार आहे, कारण तिच्यातील एका माणसाशी आपला भारतीयांचा ऋणानुबंध आहे.

रॉबर्ट मोर्स लव्हेट हे शिकागो विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते. अनेक वर्षे त्यांनी अध्यापन केले आणि नागरी स्वातंत्र्याच्या, कामगारांच्या हक्कांच्या चळवळींत भाग घेतला. पहिल्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ ही संघटना उभी राहिली, तिच्या धुरीणांत हे लव्हेट होते. तारकनाथ दास आणि अग्नेस स्मेडली ही त्यांच्या सहकाऱ्यांपैकी. आपला देश परतंत्र असताना, ब्रिटन हे अमेरिकेचे मित्रराष्ट्र असताना, भारताच्या स्वातंत्र्याची बाजू उघडपणे घेणारा हा माणूस. पुढे व्हर्जिन बेटांच्या प्रशासनात ‘गव्हर्नमेंट सेक्रेटरी’ म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१ फेब्रुवारी १९४३ रोजी टेक्सासचे प्रतिनिधी मार्टिन डाईज यांनी सभागृहात भाषण करून ३९ सरकारी कर्मचाऱ्यांची नावे वाचून दाखवली. ही माणसे जहाल आहेत, त्यांना सरकारी पगार मिळता कामा नये, असे त्यांचे म्हणणे. प्रकरण एका उपसमितीकडे गेले. चौकशी बंद दाराआड झाली. आरोप असलेल्यांना बोलू दिले, पण त्यांचा वकील किंवा त्यांच्या खात्याचा वकीलही तेथे हजर राहू शकला नाही. आरोप काय, तर अमुक संस्थेचे सभासदत्व, तमुक सभेला हजेरी, अमक्या पत्रकावर सही. शेवटी तीन नावे दोषी ठरली. एक लव्हेट, दुसरे मानसशास्त्राचे प्राध्यापक गुडविन वॉटसन आणि तिसरे विल्यम डॉड, ज्यांचे वडील हिटलरच्या काळात बर्लिनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते. वॉटसन आणि डॉड हे दोघे परदेशी रेडिओप्रसारणांचे विश्लेषण करणाऱ्या सरकारी यंत्रणेत काम करत.

या तिघांच्या कामाबद्दल त्यांच्या खात्यांची काही तक्रार नव्हती. उलट त्यांना ठेवून घेण्याची खात्यांची इच्छा होती. तेव्हा प्रतिनिधिगृहाने तातडीच्या खर्चाच्या विधेयकाला एक कलम जोडले. १५ नोव्हेंबर १९४३ नंतर या तिघांना सरकारी तिजोरीतून पगार देऊ नये, राष्ट्राध्यक्षांनी त्यांची नव्याने नेमणूक करून सिनेटची संमती घेतली तरच तो मिळावा, असे ते कलम. सिनेटने हे कलम पुनःपुन्हा नाकारले. प्रतिनिधिगृह हटेना. पाचव्या संयुक्त अहवालानंतर सिनेटने हात टेकले. महायुद्ध चालू होते. विधेयक अडले तर सरकारचा खर्च अडणार. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली, पण हे कलम अन्यायाचे आणि घटनाबाह्य आहे, असा निषेध नोंदवून केली.

मला या कहाणीतील सर्वांत हृद्य वाटणारा भाग पुढेच आहे. पगार बंद झाल्यावरही ते तिघे काही काळ आपल्या जागी काम करत राहिले. त्यांच्या खात्यांनी त्यांना कामावर ठेवले. मग त्यांनी न केलेल्या नव्हे, तर केलेल्या कामाचा पगार मागण्यासाठी न्यायालयात धाव घेतली. तेथे सरकारच्या कायदा खात्यानेही हे कलम अवैध असल्याचेच सांगितले, आणि काँग्रेसला आपली बाजू मांडायला स्वतंत्र वकील पाठवावा लागला. जून १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांच्या बाजूने निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की, नाव घेऊन माणसाला पगारातून आणि सरकारी नोकरीतून वगळणे ही शिक्षा आहे. ती विधिमंडळाने खटला न चालवता दिली आहे. न्यायालयाचे काम विधिमंडळाने आपल्या हाती घेऊ नये, म्हणून अमेरिकेच्या राज्यघटनेने अशा कायद्यांना मूळातच बंदी घातलेली आहे.

निकाल लागला, पण दरम्यान तीन वर्षे उलटून गेली होती. आणि बाकीच्या हजारो कर्मचाऱ्यांना जो धडा मिळायचा तो मिळूनच गेला होता. कोणत्या सभेला जावे, कोणत्या पत्रकावर सही करावी, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी मांडला असेल. अशा शिक्षेचा खरा उद्देश शिक्षा झालेल्या तिघांपुरता नसतोच. तो गप्प बसलेल्या तीन हजारांसाठी असतो.

आता येथे आपल्यातील काही जण माझ्यावर एक आक्षेप घेतील, आणि तो आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतील, तुम्ही समाजवादी लोक तर नोकरशाहीवर लोकांचे नियंत्रण असावे असे नेहमी सांगता. तिजोरीची किल्ली लोकप्रतिनिधींच्या हाती असणे हा लोकशाहीचा गाभा आहे. मग आता नोकरशहांच्या पगाराला हात लावू नका, असे कोणत्या तोंडाने सांगता?

आक्षेप रास्त आहे. तिजोरीवरचा अधिकार मिळवण्यासाठी जगभर लोकांनी झुंज दिली आहे. आपल्याकडेही १९२४ साली स्वराज्य पक्षाने मध्यवर्ती कायदेमंडळात सरकारच्या अनुदानाच्या काही मागण्या फेटाळून परकीय सत्तेला याच हत्याराने जाब विचारला होता. तो अधिकार सौम्य व्हावा असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न इतकाच आहे की, त्या हत्याराचे टोक कोणाकडे असावे?

इंग्लंडच्या पार्लमेंटचे एक उदाहरण घ्या. जून १८९५ मध्ये सैन्याकडे कॉर्डाइट या स्फोटकाचा पुरेसा साठा नाही, असा आरोप विरोधकांनी केला आणि युद्धमंत्री कॅम्पबेल-बॅनरमन यांचा पगार १०० पौंडांनी कमी करावा, अशी सूचना मांडली. सूचना सात मतांनी मंजूर झाली आणि रोझबेरी मंत्रिमंडळ पायउतार झाले. ही पगारकपातच होती. पण ती कोणाच्या पगारात? जो मंत्री त्याच सभागृहात बसतो, उठून उत्तर देऊ शकतो, ज्याच्या पाठीशी पक्ष आहे आणि जो पडला तर निवडणुकीला उभा राहू शकतो, त्याच्या. दारूगोळ्याच्या कोठारातल्या कारकुनाचा पगार कापून त्या सभागृहाने आपला राग शांत केला नाही.

आपल्या संसदेनेही हीच परंपरा उचलली. अनुदानाच्या मागणीवर कपात सूचना येतात, त्यांचे तीन प्रकार आपल्याला ठाऊक आहेत. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना, काटकसरीसाठी ठरावीक रकमेची सूचना आणि एखादी तक्रार वेशीवर टांगण्यासाठी शंभर रुपयांच्या कपातीची सूचना. त्या एका रुपयात आणि अमेरिकेतील त्या एका डॉलरात किती अंतर आहे, पाहा. आपला एक रुपया मंत्र्याला म्हणतो, तुमचे धोरण आम्हाला मान्य नाही, उत्तर द्या. तो एक डॉलर कर्मचाऱ्याला म्हणतो, तुझे उत्तर आम्हाला ऐकायचेच नाही, घरी जा. कर्मचारी सभागृहात बोलू शकत नाही, पत्रकार परिषद घेऊ शकत नाही, सेवाशर्तींनी त्याचे तोंड बांधलेले असते. ज्याला उत्तर देण्याची मुभा नाही, त्याला शिक्षा देण्यात लोकनियंत्रण कसले?

दुसरे असे की, धोरण बदलायचे तर कायदा बदला. त्यासाठी विधेयक आणावे लागते, त्याची कारणे सांगावी लागतात, लोकांसमोर चर्चा होते, मतदार पाहत असतात. प्रदूषणाचा कायदा नको असेल, कारखान्यांची तपासणी नको असेल, तर तसे छातीठोकपणे म्हणा. पण तसे म्हणण्याची लाज वाटते. म्हणून कायदा तसाच ठेवायचा आणि तो अमलात आणणाऱ्या निरीक्षकाचे वेतन काढून घ्यायचे. कायदा पुस्तकात जिवंत आणि कारखान्यात मेलेला. याचा लाभ कोणाला होतो आणि खोकत खोकत म्हातारा होणारा कामगार कोणाच्या खाती जमा होतो, हे या सभेत सांगण्याची गरज नाही.

तिसरे असे की, हा घाव सर्वांवर सारखा बसत नाही. इस्टेटवाल्या मंत्र्याचा पगार एक डॉलर केला तर तो हसून सोडून देईल. घराचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि आईचे औषध एका पगारात बसवणाऱ्या माणसाला दोन महिनेही तग धरता येणार नाही. म्हणून अमेरिकेच्या घटनाकारांनी न्यायाधीशांचे वेतन ते पदावर असेपर्यंत घटवता येणार नाही, अशी तरतूद केली. माणसाच्या उदरनिर्वाहावर ज्याची सत्ता, त्याची सत्ता त्याच्या मनावरही चालते, हे हॅमिल्टन यांच्यासारख्या घटनेच्या पुरस्कर्त्यांनी ओळखले होते. आपल्या घटनेनेही न्यायाधीश आणि नियंत्रक व महालेखापरीक्षक यांचे वेतन असेच सुरक्षित केले आहे. फार काय, आर्थिक आणीबाणीत पगारकपातीची मुभा देणारे आपल्या घटनेचे ३६० वे कलमदेखील सर्व कर्मचाऱ्यांविषयी किंवा त्यांच्या एखाद्या वर्गाविषयी बोलते, अमुक एका माणसाविषयी बोलत नाही. २०२० साली कोविडच्या संकटात महाराष्ट्र सरकारने मार्च महिन्याचे वेतन दोन टप्प्यांत दिले. आपण कुरकुर केली असेल, पण तो ओझ्याचा वाटा होता. ओझ्याचा वाटा सर्वांनी उचलावा, त्यात अपमान नाही. एकट्याला वेगळे काढून त्याच्या ताटातली भाकरी उचलणे ही निराळी गोष्ट आहे.

मग नोकरशहाने काहीही करावे आणि त्याला कोणी विचारू नये काय? मुळीच नाही. कामचुकार, लाचखोर, जनतेशी उर्मटपणे वागणारा कर्मचारी शिक्षेला पात्र आहे आणि ती शिक्षा वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंत असू शकते. पण त्यासाठी आरोपपत्र असते, चौकशी असते, बाजू मांडण्याची संधी असते, अपील असते. घटनेचे ३११ वे कलम आणि आपले १९७९ चे शिस्त व अपील नियम याचसाठी आहेत. दोष सिद्ध करा आणि शिक्षा द्या. बहुमताने हात वर करून कोणाचा दोष सिद्ध होत नसतो.

या हत्याराला पक्ष नसतो, हेही अमेरिकेच्या इतिहासाने दाखवले आहे. १८७६ चे होलमन डेमोक्रॅट होते. १९४३ च्या प्रतिनिधिगृहात बहुमत डेमोक्रॅटांचेच होते आणि डाईजही त्याच पक्षाचे. २०१७ मध्ये नियम परत आणला तो रिपब्लिकनांनी, २०१९ मध्ये डेमोक्रॅटांनी तो काढला, २०२३ मध्ये रिपब्लिकनांनी पुन्हा आणला. त्या सप्टेंबरात संरक्षणमंत्र्यांचा पगार एक डॉलर करण्याची उपसूचना प्रतिनिधिगृहाने आवाजी मतदानाने संमत केली. मंत्र्यांपाशी हा प्रकार थांबला नाही, त्या खात्यातील काही अधिकाऱ्यांची नावेही उपसूचनांमध्ये आली. या कपाती कायद्यात उतरल्या नाहीत. पण आवाजी मतदानात कोणी हात वर केला याची नोंदही राहत नाही, आणि ज्याचे नाव घेतले गेले त्याच्या नोंदीतून मात्र ते पुसले जात नाही. पुढे १ ऑगस्ट २०२५ रोजी रोजगाराचे आकडे निराशाजनक आले म्हणून कामगार सांख्यिकी कार्यालयाच्या प्रमुख एरिका मॅकएंटार्फर यांना राष्ट्राध्यक्षांनी पदावरून दूर केले. तेथे हात विधिमंडळाचा नव्हता, कार्यकारी सत्तेचा होता. पण दुखणे तेच. आरशात दिसलेला चेहरा आवडला नाही, म्हणून आरसा फोडायचा.

मित्रहो, अमेरिकेवर बोलणे सोपे असते. आता थोडे आपल्याकडे वळू. आपल्याकडे नावानिशी पगार कापण्याची पद्धत नाही. तिची गरज पडली नाही, कारण आपल्याकडे बदली आहे. मुलाची दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर असताना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आलेला बदलीचा हुकूम हा पगारकपातीचाच भाऊ. शिवाय हक्कभंगाचा धाक आहे, गोपनीय अहवालातील एक वाकडा शेरा आहे. १९६९ नंतर दिल्लीतून ‘बांधील नोकरशाही’ची भाषा सुरू झाली, तेव्हा आपल्यातल्या काही पुरोगामी मंडळींनाही ती गोड वाटली होती. गरिबांच्या कार्यक्रमाशी बांधिलकी असावी, त्यात वाईट काय, असे ते विचारत. ती बांधिलकी कार्यक्रमाशी नव्हती, व्यक्तीशी होती, हे आणीबाणीत कळले. शहा आयोगापुढे जी कथने आली, त्यांत हुकूम तोंडी होते आणि सह्या मात्र अधिकाऱ्यांच्या होत्या.

त्याआधी वीस वर्षे, १० ऑक्टोबर १९४९ रोजी, सरदार पटेलांनी घटना समितीत याच्या नेमके उलटे सांगितले होते. आपला सचिव आपल्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो आणि ती मुभा आपण साऱ्या सचिवांना दिली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सरदारांशी आमच्या समाजवादी पूर्वसूरींचे मतभेद थोडे नव्हते. पण कणखर माणसाला विरोधी टिपणीचे भय वाटत नाही, ही गोष्ट त्यांच्याकडून शिकण्याजोगी आहे.

हा प्रश्न सचिवांपुरता आहे, असेही समजू नका. आपल्या गावच्या पैसेवारीचे उदाहरण घ्या. पिकाची पैसेवारी पन्नासच्या खाली गेली, तर शेतकऱ्याला सवलतीचा आधार मिळतो. तो आकडा वर राहावा असे कधी तिजोरीला वाटते, कधी तो अमुक गावात खाली यावा असे एखाद्या पुढाऱ्याला वाटते. शेतात उभे राहून पीक मोजणाऱ्या माणसाने जे दिसले तेच लिहावे, यातच शेतकऱ्याचे हित आहे. उद्या त्या आकड्यासाठी त्याचा पगार किंवा त्याची जागा जाणार असेल, तर तो शेताकडे पाहून आकडा लिहिणार नाही. तो कोणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहून लिहील. तेव्हा बुडेल तो तलाठी नव्हे, शेतकरी.

म्हणून आपल्या संघटनेकडे माझी तीन मागणी आहेत. पहिली, तोंडी हुकूम पाळणार नाही, लेखी द्या, असे म्हणणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या पाठीशी संघटनेने उभे राहावे. ३१ ऑक्टोबर २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोंडी आदेशांवर काम करण्याची रीत अमान्य केली आहे. ते आपले संरक्षण आहे, ते वापरा. दुसरी, २००५ च्या बदल्यांच्या कायद्याची अंमलबजावणी हा संघटनेचा वेतनाइतकाच महत्त्वाचा प्रश्न माना. मुदतीपूर्वीच्या बदलीची कारणे मागा आणि ती लोकांसमोर मांडा. तिसरी मागणी कठीण आहे. ज्या सहकाऱ्याची मते तुम्हाला पटत नाहीत, ज्याच्या पक्षाचा तुम्हाला राग आहे, त्याला मतासाठी शिक्षा होत असेल तर त्याच्यासाठीही उभे राहा. सिनेटने पुनःपुन्हा नकार देऊन शेवटी मान तुकवली. निदान तितका वेळ तरी आपण नकार देत राहू या.

आणि हे सारे मागताना एक ध्यानात ठेवा. खिडकीपाशी तासभर ताटकळणाऱ्या म्हातारीला तुमच्या स्वातंत्र्याचे कौतुक असण्याचे कारण नाही. तिला तिचा दाखला वेळेवर हवा आहे. तो वेळेवर मिळाला, नीट बोलून मिळाला, तर तुमच्या पगारावर उद्या कोणी सूडाने हात टाकला तेव्हा ती तुमच्या बाजूने बोलेल. ती बोलली नाही, तर नियम, न्यायालय आणि राज्यघटना यांच्या आधारावर तुम्ही किती दिवस टिकाल, याची मला शंका आहे.

सत्तरी ओलांडलेल्या त्या प्राध्यापक लव्हेटना तिजोरीने पगार नाकारला, तरी ते काही काळ कामावर येतच राहिले. तीन वर्षांनी न्यायालयाने त्यांचा पगार त्यांना देववला. आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी परक्या भूमीवर बोललेल्या त्या माणसाचे आपण एवढे तरी देणे लागतो, की आपल्या कार्यालयात कोणाला त्याच्या मतासाठी उपाशी ठेवले जात असताना आपण खाली मान घालून फाइल चाळत बसणार नाही.